वठलेलं झाड आणि खालचं पाणी

फिनिश चित्रकार आक्सेली गाल्लेन-काल्लेला यांचं काळ्या सुतार पक्ष्याचं चित्र उभट आहे. तळी, जंगलं, टेकड्या रंगवायच्या तर चित्रकार सहसा आडवा आकार घेतो, कारण देखावा डावीकडून उजवीकडे पसरलेला असतो. इथे त्यांनी उभा आकार घेतला आणि त्यात अगदी पुढे, बघणाऱ्याच्या नाकासमोर, एक वठलेला पाइन आणून ठेवला. साल गळून गेलेली, लाकूड उन्हापावसानं आणि बर्फानं राखाडी पडलेलं, फांद्यांचे नुसते खुंट उरलेले. खोडाला बिलगून काळा सुतार बसलेला आणि त्याच्या डोक्यावर लाल रंगाचा एक ठिपका. खोडाच्या पलीकडे जमीन एकदम खाली उतरते आणि मग दूरवर फक्त जंगल, पाणी आणि टेकड्या. माणूस नाही, होडी नाही, चुलीचा धूर नाही.

या पक्ष्यापाशी थोडं थांबायला हवं. कावळ्याएवढा हा सुतार युरोपातल्या जुन्या जंगलांत राहतो. नराच्या डोक्यावर पूर्ण लाल टोपी असते, मादीच्या डोक्यामागे नुसता लाल डाग. आपल्या सिंधुदुर्ग-गोव्याच्या दाट रानात दिसणारा पांढऱ्या पोटाचा मोठा सुतार त्याचा सख्खा भाऊबंद; एकाच प्रजातीतल्या या दोन जाती. ज्यांनी सह्याद्रीतल्या सुताराची टकटक ऐकली आहे, त्यांना हे चित्र पाहताना आवाज ऐकू आल्याशिवाय राहणार नाही. सगळं चित्र राखाडी, हिरव्या, निळ्या रंगांत शांत पसरलंय आणि तेवढ्या एका ठिपक्यात लाल आहे. तो बोटानं झाकून पाहावा. चित्र ताबडतोब मुकं होतं.

हे चित्र 1892 ते 1894 या काळातलं. पुढच्या पानांत जी चित्रं येतात, त्यांतली बरीचशी त्याच्या मागच्या-पुढच्या दहा-पंधरा वर्षांतली आहेत आणि त्यांत पुन्हा पुन्हा एक झाड आणि पाणी एवढाच ऐवज आहे. कधी खडकावरचा पाइन, कधी काठावरचा बर्च, कधी बर्फानं वाकलेलं रोप. फिनलंडबाहेरच्या माणसाला ही चित्रं पाहून वाटतं की तो देशच असा असावा: निर्जन, नि:शब्द, कोणी पाऊल न ठेवलेला. या प्रस्तावनेत मला त्याच समजुतीबद्दल बोलायचं आहे. ही झाडं चित्रकारांना एकटी सापडली नाहीत. त्यांनी ती निवडून, आजूबाजूचं बरंच काही वगळून एकटी केली. काय वगळलं आणि का वगळलं, हे कळलं की चित्र लहान होत नाही, उलट त्याची पकड वाढते, असा माझा अनुभव आहे.

मराठी वाचकाच्या मनात एकट्या झाडाचं चित्र वेगळं असतं. आपल्याकडे गावाबाहेर एकटा वड असला की त्याला पार असतो, पारावर शेंदूर लावलेला दगड असतो, दुपारी गुरं नि गुराखी असतात, आणि वटपौर्णिमेला बुंध्याभोवती सुताचे वेढे पडतात. ते झाड एकटं असतं ते माणसं त्याच्यापाशी जमावीत म्हणून. ही सवय घेऊन फिनिश चित्रासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा पोकळी जाणवते. पार कुठे आहे, माणसं कुठे गेली, असं डोळा शोधत राहतो. हा शोध चुकीचा नाही. माणसं तिथे होतीच.

आधी झाडाचंच पाहू. फिनलंडची जमीन हिमयुगात बर्फाच्या जाड थरानं खरवडून काढली. बर्फ वितळून साधारण दहा हजार वर्षं झाली. त्यानं मागे ठेवले गुळगुळीत ग्रॅनाइटचे उघडे खडक, रेतीचे लांबलचक उंचवटे आणि पाण्यानं भरलेले असंख्य खळगे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी तळी मोजली तर ती 1,87,888 भरतात. बहुतेक तळी उथळ आहेत, आणि भोवतालच्या दलदलींतून झिरपणाऱ्या पाण्यानं त्यांचा रंग चहासारखा काळपट तपकिरी होतो. त्यामुळे वारा नसला की त्यांच्यात आकाश आणि झाडं लख्ख उमटतात. फिनिश चित्रांत काठावरचं झाड आणि त्याचं प्रतिबिंब सारख्याच वजनानं रंगवलेलं दिसतं ते यामुळे.

खडकावर माती जेमतेम ओंजळभर. स्प्रूस या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाला ओलावा आणि सावली चालते, पण कोरडा खडक मानवत नाही. पाइनला चालतो. तो मुळं खडकाच्या फटींत घालतो आणि दुष्काळ सोसतो. त्याची खालची साल जाड असल्यानं वणव्यातूनही पुष्कळदा वाचतो. त्याला एकच गोष्ट भरपूर लागते, ती म्हणजे उजेड. तळ्याकाठी पाण्याच्या बाजूनं उजेडाला आडकाठी नसते. म्हणून काठावरचा खडक ही पाइनची हक्काची जागा ठरते. त्याच्या खोडाचा वरचा भाग नारिंगी असतो. उन्हाळ्याच्या लांबलेल्या संध्याकाळी तिरप्या उन्हात तो असा पेटतो की त्या प्रदेशात न गेलेल्या माणसाला चित्रकारानं रंग चढवलाय असं वाटावं. रंग चढवलेला नसतो.

आणि वठलेला पाइन. हे झाड उभ्या उभ्या मरतं आणि मेल्यावर लगेच पडत नाही. राळेनं भरलेलं लाकूड कुजत नाही. साल गळते, खोड रुपेरी होतं आणि तसंच उभं राहतं, कित्येकदा शंभर-दोनशे वर्षं, कधी त्याहूनही जास्त. फिनिश माणूस अशा झाडाला केलो म्हणतो आणि त्याच्या लाकडाला फार किंमत देतो. काळा सुतार खोडांत मोठी ढोली कोरतो आणि त्यानं सोडून दिलेल्या ढोलीत घुबडं घर करतात, सोनेरी डोळ्यांचं एक बदकही अंडी घालतं. म्हणजे गाल्लेन-काल्लेलांच्या चित्रातलं ते मेलेलं खोड जंगलाच्या हिशेबात मेलेलं नाही.

आता माणसं. फिनिश शेतकऱ्यासाठी पाइन हा आधी उपयोगाचा होता. जिवंत झाडाची साल टप्प्याटप्प्यानं सोलून काही वर्षं तसंच ठेवायचं, म्हणजे लाकडात राळ साठते. मग ते तोडून मातीनं झाकलेल्या खड्ड्यात मंद धगीवर जाळायचं आणि तळाशी ओघळणारं डांबर पिंपांत भरायचं. काइनू प्रांतातून ही पिंपं लांब, अरुंद होड्यांतून धबधब्यांसारख्या वाहत्या पाण्यावरून ओउलू बंदराला यायची आणि तिथून युरोपभरच्या लाकडी जहाजांना जायची. क्रिमियाच्या युद्धात 1854 मध्ये ब्रिटिश आरमारानं या किनाऱ्यावर येऊन ओउलूचे डांबराचे साठे जाळले; इतकं ते मोलाचं होतं. दुसरा उपयोग भुकेचा. पीक बुडालं की पाइनच्या सालीखालचा मऊ थर खरवडून, वाळवून, दळून पिठात मिसळायचा. 1866 ते 1868 च्या दुष्काळात देशातली सुमारे आठ टक्के माणसं भुकेनं आणि साथीनं गेली. त्या पिढीची मुलं पुढे चित्रकार झाली, कवी झाली, संगीतकार झाली. त्यांच्या चित्रातल्या पाइनकडे पाहताना त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना सालीच्या भाकरीची चव ठाऊक होती, हे विसरून चालणार नाही.

तिसरी गोष्ट मृतांची. सावो आणि कारेलिया या पूर्वेकडच्या भागांत घरातून दफनभूमीकडे जाणाऱ्या वाटेवर एक झाड, बहुधा पाइनच, मृताच्या नावानं निवडलं जाई. प्रेतयात्रा तिथे थांबे. झाडाच्या काही फांद्या छाटल्या जात, खोडावर क्रूस, नावाची अक्षरं आणि वर्ष कोरलं जाई. मेलेला माणूस परतून घराकडे निघालाच तर आपलं झाड ओळखून तिथूनच मागे फिरेल, अशी समजूत होती. अशी झाडं आजही काही ठिकाणी उभी आहेत. एकट्या झाडाभोवती माणसं कशी असतात याचं हे त्यांच्याकडचं रूप, आणि आपल्या पारापेक्षा ते किती वेगळं आहे! झाड माणसांना जवळ बोलावत नाही, जिवंत आणि मृत यांच्यामध्ये उभं राहून सरहद्द राखतं.

कालेवाला या महाकाव्यातही असं एक झाड आहे. एलियास ल्योनरोट या वैद्यानं कारेलियाच्या गावोगाव फिरून मौखिक गीतं जमवली आणि 1835 मध्ये त्यांची पहिली गुंफण छापली; 1849 ची वाढवलेली आवृत्ती पन्नास सर्गांची आहे. दुसऱ्या सर्गात वृद्ध वाइनामॉइनेन पेरणीसाठी जंगल तोडतो आणि एक बर्च तेवढा ठेवतो. गरुड येऊन विचारतो, हे एकच का राखलंस? पाखरांना टेकायला, असं तो सांगतो. खूश झालेला गरुड ठिणगी पाडतो, तोडलेलं रान जळतं, राखेत जव उगवतो. जंगल तोडून, जाळून शेती करणाऱ्या समाजाची ही कथा आहे आणि तीत एकटं झाड माणसाच्या निर्णयानं उरलेलं आहे. या पुस्तकातल्या चित्रांना मी यापेक्षा नेमकं प्रवेशद्वार सुचवू शकणार नाही.

चित्रकलेचा आधीचा इतिहास मी थोडक्यात उरकतो, कारण पुढच्या प्रकरणांत तो सविस्तर आहे. 1809 मध्ये फिनलंड स्वीडनकडून रशियाच्या झारकडे गेला, स्वायत्त संस्थान म्हणून. आपण स्वीडिश उरलो नाही आणि रशियन होणार नाही, मग आपण कोण, हा प्रश्न सुशिक्षितांना पडला. त्यांनी उत्तर शोधलं भाषेत आणि भूमीत. साखारियास टोपेलियस यांनी 1845 पासून देशभरच्या देखाव्यांच्या शिळाछापांचा मोठा ग्रंथ काढला. 1846 मध्ये कलासंस्था स्थापन झाली. होतकरू चित्रकार जर्मनीत ड्युसेलडोर्फला जाऊ लागले. वेर्नेर होल्मबेर्ग हा त्यांतला सर्वांत हुशार. तो 1860 मध्ये तिशीही गाठण्याआधी क्षयानं गेला.

या सगळ्यांत फान्नी चुर्बेर्ग यांच्यापाशी मात्र मला थांबायचं आहे. 1845 मध्ये जन्मलेली ही बाई वादळाआधीचं आकाश, दलदल, उघडा खडक असे विषय घ्यायची आणि रंग असे जोरात फासायची की समकालीन समीक्षकांना ते सोसलं नाही. 1880 मध्ये तिनं चित्रं काढणंच थांबवलं आणि फिनिश हस्तकलेच्या संस्थेच्या कामाला वाहून घेतलं. 1892 मध्ये ती वारली. त्याच वर्षी गाल्लेन-काल्लेला पूर्वेकडच्या कुउसामोच्या रानात होते. पुढच्या पिढीच्या वाट्याला जी वाहवा आली, तिची पायाभरणी या बाईनं केली होती असं माझं ठाम मत आहे. पुस्तकातली तिची चित्रं घाईनं उलटू नयेत.

आता त्या पिढीकडे येऊ. गाल्लेन-काल्लेला 1865 मध्ये पोरी गावी जन्मले. तेव्हा त्यांचं नाव स्वीडिश वळणाचं, आक्सेल गालेन; 1907 मध्ये त्यांनी ते बदलून घेतलं. पेक्का हालोनेन यांचा जन्मही 1865 चाच, लापिनलाहतीच्या शेतकरी घरातला. एरो यार्नेफेल्ट दोन वर्षांनी मोठे. तिघंही पॅरिसला शिकले. तिथे त्यांना उघड्यावर, प्रत्यक्ष उजेडात रंगवायची सवय लागली आणि आणखी एक गोष्ट भेटली, ती म्हणजे जपानी लाकूडठशांची चित्रं. त्या काळी पॅरिसमध्ये ती घरोघर होती. झाडाचं खोड चित्राच्या कडेनं कापून टाकणं, पुढची वस्तू खूप मोठी आणि मागचं जग खूप दूर ठेवणं, मधलं अंतर गाळून टाकणं, भिंतीवर टांगायच्या गुंडाळीसारखा उभा आकार घेणं, हे सगळं तिथून आलं. हालोनेन 1894 मध्ये पॅरिसला चित्रकार गोगँ यांच्याकडेही शिकत होते आणि रंगाचे सपाट, मोठे पट्टे वापरायचा धीर त्यांना तिथे मिळाला. सुताराच्या चित्रातला उभट आकार आणि नाकासमोरचं खोड आता पुन्हा पाहावं. फिनलंडच्या एकांताचं सर्वांत फिनिश वाटणारं हे चित्र जपान आणि पॅरिस या दोन्ही गावांचं पाणी प्यायलेलं आहे.

1890 मध्ये लग्न झाल्यावर गाल्लेन-काल्लेला पत्नी मेरी हिच्यासह कारेलियाकडे गेले; सोबत चित्रकार मित्र लुई स्पारे होता. कालेवालाची गीतं जिथून आली तो मुलूख बघायचा होता. 1892 मध्ये ते पुन्हा पूर्वेकडे, कुउसामो परगण्यातल्या पानायार्वी तळ्यावर गेले. हे तळं आर्क्टिक वृत्ताच्या जेमतेम खाली आहे. लांब, अरुंद आणि विलक्षण खोल, काही ठिकाणी सव्वाशे मीटरहून अधिक. तिथे त्यांनी सुताराचं चित्र सुरू केलं, एका धबधब्याचं मोठं चित्र सुरू केलं आणि एका गुराखी पोराचंही चित्र काढलं.

या गुराखी पोरावरूनच सगळं उघड होतं. तळ्याकाठी वस्ती होती, शेतकऱ्यांची घरं होती, गुरं होती. चित्रकार त्या माणसांतच वावरत होता. पोराचं चित्र त्यानं वेगळं काढलं आणि सुताराच्या चित्रातून माणूस संपूर्ण काढून टाकला. तीच गोष्ट यार्नेफेल्ट यांची. 1893 मध्ये त्यांनी रान जाळणाऱ्या कष्टकऱ्यांचं चित्र रंगवलं. त्यात काजळलेल्या चेहऱ्याची एक मुलगी थेट आपल्याकडे बघते. तिची नजर चुकवता येत नाही. आणि सहा वर्षांनी तोच चित्रकार पिएलिनेन तळ्याचा शरद ऋतूतला देखावा रंगवतो, त्यात निसर्ग तेवढा बोलतो. दोन्ही चित्रं हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहेत. एकाच हातानं माणूस आणि रान वेगवेगळ्या चौकटींत ठेवले, आणि दोन्ही चौकटी शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज त्या काळाचं चित्र पुरं होत नाही.

रानाला माणसापासून वेगळं का ठेवावंसं वाटलं? याचं एक कारण लाकडाच्या धंद्यात आहे. 1857 मध्ये वाफेवर चालणाऱ्या लाकूड-गिरण्यांना परवानगी मिळाली, 1861 मध्ये उरलेली बंधनं उठली. त्यानंतरच्या दशकांत नद्या आणि तळी ओंडक्यांनी भरली. व्यापारी खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांकडून उभी झाडं विकत घेऊ लागले आणि सर्वांत आधी गेले ते जाडजूड, जुने पाइन, कारण पैसा त्यांत होता. कागदाच्या गिरण्या आल्या तशी बारीक झाडंही जाऊ लागली. 1890 च्या सुमारास अस्पर्श जुनं जंगल पाहायचं तर दक्षिण फिनलंड सोडून पार पूर्वेच्या सरहद्दीपर्यंत जावं लागे, आणि चित्रकार तिथे गेले. ते गेले तेव्हा रान संपत आलेलं होतं हे त्यांना दिसत होतं. वठलेल्या पाइनला त्यांनी चित्राचा नायक केलं, त्यात ही घाई आहे असं मला वाटतं. करवतीला ज्याचा उपयोग नाही असं ते झाड आहे.

दुसरं कारण राजकारणाचं, आणि ते सगळ्यांना माहीत असल्यानं कधी कधी नको तितकं पुढे केलं जातं. फेब्रुवारी 1899 मध्ये झार दुसऱ्या निकोलसनं जाहीरनामा काढून फिनलंडची स्वायत्तता छाटली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात फिनलंडनं आपलं स्वतंत्र दालन उभारलं. त्याच्या घुमटाच्या आतल्या बाजूला गाल्लेन-काल्लेलांनी कालेवालातले प्रसंग रंगवले. अशा दिवसांत वाऱ्याला तोंड देऊन खडकावर उभा असलेला पाइन दिसला की लोक त्याला फिनिश राष्ट्र म्हणू लागले. त्यात चूक काही नाही. पण प्रत्येक पाइनला झेंडा मानलं की खोडाचा नारिंगी रंग, पाण्याचा काळा रंग, बर्फाचं वजन यांच्याकडे बघायचं राहून जातं. आधी झाड नीट पाहावं, मग राष्ट्र आपोआप दिसेल. उलटा क्रम लावला तर दोन्ही हुकतात.

हालोनेन हे झाड नीट पाहणारे होते. 1902 मध्ये त्यांनी हेलसिंकीच्या उत्तरेला तुउसुला तळ्याच्या काठी, खडक आणि पाइन यांच्यामध्ये, ओंडक्यांचं घर बांधलं. शेजारी यार्नेफेल्ट आणि लेखक युहानी आहो राहत, आणि 1904 पासून संगीतकार सिबेलियसही. सिबेलियसची बायको आइनो ही यार्नेफेल्टची बहीण. हालोनेन थंडीत बाहेर उभे राहून बर्फ रंगवत. त्यांच्या बर्फाच्या चित्रांत पांढरा रंग शोधून पाहावा. तो फार थोडा सापडतो. सावलीत निळा आणि जांभळा, उन्हात पिवळट आणि गुलाबी, असा तो बर्फ असतो. बर्फाच्या ओझ्यानं वाकलेल्या पाइनच्या रोपट्यात कुठली फांदी ओझं झेलतेय आणि कुठली मोडायच्या बेतात आहे, हे त्यांच्या चित्रात सांगता येतं. 1933 मध्ये ते गेले. शेवटपर्यंत याच काठावर राहिले आणि इथलीच झाडं रंगवत राहिले.

यार्नेफेल्ट यांचं मन कोली डोंगरावर जडलं होतं. पिएलिनेन तळ्याकाठी, समुद्रसपाटीपासून 347 मीटर उंचीची ही क्वार्ट्झाइटची टेकडी. आपल्या सह्याद्रीच्या मानानं ती काहीच नाही, पण सपाट देशात तिथून बेटं, पाणी आणि जंगल यांचा जो पसारा दिसतो त्यासाठी ते 1892 पासून पुन्हा पुन्हा तिथे गेले. 1909 मध्ये सिबेलियसना सोबत घेऊन गेले. त्या सहलीचा ठसा सिबेलियसच्या चौथ्या सिंफनीवर आहे, असं मानलं जातं, आणि ती यार्नेफेल्ट यांनाच अर्पण केलेली आहे. ही चित्रं पाहून झाल्यावर ती ऐकावी, एवढी मी आग्रहानं शिफारस करतो.

एका तळ्याच्या चित्रांत तर गाल्लेन-काल्लेलांनी झाडालाही मागे सारलं. केइतेले तळ्याची त्यांनी चार चित्रं केली, 1904-05 मध्ये. झाडांचं छोटं बेट वरच्या कडेला ढकललेलं आहे आणि जवळजवळ सगळी चौकट पाण्यानं व्यापली आहे. पाण्यावर रुपेरी-राखाडी पट्टे वळणं घेत जातात. वाऱ्यानं पाण्याचा काही भाग खरखरीत होतो, काही भाग आरशासारखा राहतो, त्याचं हे अचूक निरीक्षण आहे. फिनलंडच्या तळ्यांवर असे पट्टे रोज दिसतात. त्याच वेळी हे पट्टे म्हणजे वाइनामॉइनेनच्या होडीनं मागे सोडलेली रेघही आहे. होडी दिसत नाही. माणसाला वगळायची जी रीत सुताराच्या चित्रात होती, ती इथे टोकाला पोहोचते: वल्हवणारा गेला, पाण्यावर त्याची खूण तेवढी राहिली.

पानायार्वीचं पुढे काय झालं तेही वाचकाला सांगितलं पाहिजे. 1917 मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला, पण सोव्हिएत संघाशी झालेल्या हिवाळी युद्धानंतर मार्च 1940 च्या तहात हा भाग त्या देशाकडे गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो तिकडेच राहिला. तळ्याकाठची माणसं घरं सोडून फिनलंडमध्ये आली. चित्रकारानं चित्रापुरती रिकामी केलेली ती भूमी पन्नास वर्षांत खरोखरच रिकामी झाली. 1992 मध्ये, सुताराचं चित्र सुरू झाल्याला बरोबर शंभर वर्षं होत असताना, रशियानं तिथे राष्ट्रीय उद्यान घोषित केलं. 2023 च्या अखेरीस फिनलंडनं रशियालगतची जमिनीवरची सरहद्द बंद केली. ज्या घरांतली नातवंडं कुउसामोत राहतात, त्यांच्यासाठी हे चित्र निसर्गचित्र उरलेलं नाही. ते गेलेल्या गावाचं चित्र आहे, ज्यात गाव काढलेलंच नाही.

पुस्तकातल्या छपाईनं रंगांना शक्य तितका न्याय दिला आहे, पण पाइनच्या खोडावरचा नारिंगी आणि बर्फातला जांभळा कागदावर पूर्ण उतरत नाही. म्हणून शेवटी एक विनंती. नोकरी-शिक्षणासाठी हेलसिंकी, एस्पो, ताम्पेरे इथे राहणारे मराठी वाचक आता कमी नाहीत. त्यांनी एक दिवस काढून आतेनेउमला जावं. ते हेलसिंकीच्या रेल्वे स्टेशनच्या अगदी समोर आहे. हालोनेन यांचं तुउसुलाचं घरही आता संग्रहालय आहे. आणि जे लंडनला जातील त्यांना नॅशनल गॅलरीत केइतेले तळ्याच्या चार चित्रांपैकी एक पाहता येईल. गॅलरीनं ते 1999 मध्ये घेतलं. चित्र लहान आहे, 53 बाय 66 सेंटिमीटर, आणि त्याची जागा बदलते. आत गेल्यावर कर्मचाऱ्यांना विचारून घ्या. कायमच्या संग्रहाला तिकीट लागत नाही.